जुन्या घरातील स्वयंपाकघर आणि विजेचा भार

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदाही आम्हांस धान्यबाजाराविषयी चार शब्द लिहावे अशी सूचना केली होती. ज्वारीची आवक, गव्हाचे दर आणि अडतीचे प्रश्न यांवर आम्ही याच पानांतून पूर्वी लिहिले आहे व त्यात भर घालण्यासारखे यंदा फारसे काही नाही. सबब मंडळाच्या अनुमतीने आम्ही एक निराळाच विषय घेत आहोत. जुन्या घरातील स्वयंपाकघरात विजेची मांडणी नव्याने कशी करून घ्यावी, हा तो विषय होय. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले धान्याचे घाऊक व्यापारी. विद्युतशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. तथापि गेल्या वर्षी आमच्या राहत्या घरात जो प्रसंग घडला आणि त्यानंतर दोन महिने वायरमनच्या मागे हिंडून आम्ही जे पाहिले, विचारले व टिपून ठेवले, ते सभासद बंधूंच्या आणि विशेषतः त्यांच्या घरातील भगिनींच्या उपयोगी पडेल असे वाटते. कारण बेळगाव, निपाणी, चिकोडी या भागांत आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे अद्यापि आजोबा-पणजोबांनी बांधलेल्या घरांतच नांदत आहेत.

आमचे घर आजोबांच्या हातचे. दगडी जोते, मातीच्या भिंती, वर कौले आणि स्वयंपाकघरात शहाबादी फरशी. घरात वीज आली ती १९६१ साली. त्या वेळी स्वयंपाकघराच्या वाट्यास एक दिवा आला, आणि चुलीच्या धुराने तोही वर्षभरात पिवळा पडला असे आमच्या मातोश्री सांगत. पुढे १९७२ साली एक पंखा व एक प्लग वाढला. त्यानंतर मात्र या एकाच ओळीवर फ्रिज आला, मिक्सर आला, घरघंटी आली, गॅसच्या जोडीला इंडक्शनची शेगडी आली, आणि शेवटी भांडी घासण्याच्या मोरीत पाणी तापविण्याचा लहान गीझर आला. प्रत्येक वस्तू घरात आली तेव्हा आम्ही तिची किंमत, हमीपत्र व रंग पाहिला. ती ज्या तारेवर बसणार ती तार कोणी पाहिली नाही. पोत्यात सळई खुपसून तळची वानगी काढल्याखेरीज आम्ही कधी माल उचलला नाही. परंतु स्वतःच्या भिंतीची वानगी घेण्याचे साठ वर्षांत सुचले नाही.

सुमारे चार वर्षांपूर्वी आमच्या सूनबाईंनी प्रथम सांगितले, ‘मामा, फ्रिजला हात लावला की मुंग्या येतात.’ आम्ही काय केले? फ्रिजपुढे एक लाकडी पाट टाकून दिला. आपल्या घरांत स्वयंपाकघरात पादत्राणे चालत नाहीत. अनवाणी पाय आणि खाली बहुधा ओलसर फरशी. तेव्हा पाटाचा उपाय आम्हांस मोठ्या शहाणपणाचा वाटला. घरातील सर्वांस त्याची सवय झाली व चार वर्षे तो पाट तेथेच राहिला.

गेल्या पावसाळ्यात एका सायंकाळी फरशी पुसण्याकरिता तो पाट उचलून बाजूस ठेवलेला होता. आमची सहा वर्षांची नात हात धुऊन तशीच फ्रिज उघडावयास गेली आणि किंचाळून मागे फेकली गेली. ओट्याची कड लागून डोक्यास खोक पडली, चार टाके घालावे लागले. विजेच्या धक्क्याने पुष्कळदा हाताची बोटे आपोआप मिटतात आणि धरलेली वस्तू सुटत नाही, हे आम्हांस नंतर कळले. तिचा हात मुठीवर मिटला नव्हता, एवढ्याच योगाने ती वाचली. त्या रात्री घरात कोणी फारसे बोलले नाही. सूनबाईंनी चार वर्षांपूर्वी सांगितले होते हे सर्वांस आठवत होते, आणि त्यांनी ते एकदाही बोलून दाखविले नाही, याचे आम्हांस अधिक वाटले.

दुसऱ्या दिवशी आम्ही एका जुन्या, परवानाधारक वायरमनला बोलावले. तो फ्रिज तपासील आणि दुरुस्तीस पाठवा म्हणेल, अशी आमची समजूत. त्याने यंत्र लावून फ्रिजच्या अंगावर शंभराहून अधिक व्होल्टचा दाब दाखविला खरा, पण पुढे फ्रिजकडे फार वेळ पाहिले नाही. प्लगमधील वरच्या जाड पिनेची जी तार असते ती त्याने धरली आणि भिंतीवरून, माजघरातून, मागच्या मोरीपर्यंत शोधीत नेली. तेथे ती एका हातभर लोखंडी नळास आवळलेली होती. १९६१ च्या कारागिराने त्या काळच्या रिवाजाप्रमाणे घराची अर्थिंग पाण्याच्या लोखंडी नळाला जोडली होती. नळ जमिनीतून दूरवर गेलेला, त्यामुळे ती कामही देत असे. २०१२ साली आम्ही गंजलेले नळ काढून प्लास्टिकचे बसविले. मोरीतील तेवढा तुकडा भिंतीत घट्ट बसला होता म्हणून तसाच राहिला.

‘अण्णा,’ वायरमन म्हणाला, ‘ही वायर हितनं निघते, पण पोचत कुठंच नाही.’

म्हणजे ज्या दिवशी नळ बदलले त्या दिवसापासून आमच्या घरातील प्रत्येक तीन पिनांचा प्लग हा नुसता देखावा होता. हुंडी हाती असावी आणि ती स्वीकारणारी पेढीच उठून गेलेली असावी, तसा हा प्रकार. अर्थिंगचे काम इतकेच की, यंत्राच्या धातूच्या अंगावर चुकून वीज उतरली तर तिला माणसाच्या शरीराहून सोपी वाट जमिनीकडे मिळावी. ती वाट नसली की अनवाणी पाय हीच वाट. नळ बदलणारा विजेचा जाणकार नसतो आणि वायरमनला नळ बदलल्याचे कोणी कळवीत नाही. ज्या ज्या सभासदांनी जुन्या घरातील लोखंडी नळ काढून प्लास्टिकचे घातले आहेत, त्यांनी हा लेख पुरा वाचण्यापूर्वीच वायरमनला निरोप धाडावा, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

त्यानंतर त्याने स्वयंपाकघराचा बोर्ड उघडला. हा बोर्ड बाहेरून नवा होता. पाच वर्षांपूर्वी ओट्यावर काळा ग्रॅनाइट बसविला तेव्हा त्यास शोभेल अशी पांढरी, चकचकीत बटणे आम्ही हौसेने घेतली होती. मागे मात्र जुनीच लाकडी पेटी, आणि तिच्या एका कोपऱ्यास रुपयाएवढा कोळसा. दिव्याच्या जुन्या तारेवरील रबर बोट लावताच भाजलेल्या पापडासारखे झडू लागले. १९७२ सालची वाढीव तार ॲल्युमिनियमची होती. त्या सुमारास देशात तांब्याची टंचाई असल्याने घरोघर हीच तार घालीत असत. पुढे आलेल्या प्रत्येक यंत्राची तांब्याची तार तिला नुसती पीळ देऊन, वर चिकटपट्टी गुंडाळून जोडलेली होती. ॲल्युमिनियमवर हवेने एक पातळ थर धरतो व त्यातून वीज नीट जात नाही. शिवाय दोन्ही धातू तापल्यावर सारखे फुगत नाहीत, त्यामुळे सांधा दिवसेंदिवस सैल होतो. सैल सांधा तापतो, तापला की आणखी सैल होतो. कोळसा पडला होता तो अशाच एका सांध्याच्या पाठीमागे.

‘इतके जळाले तर फ्यूज कसा गेला नाही?’ असे आम्ही विचारले. त्यावर त्याने चिनी मातीचा किटकॅट फ्यूज काढून आमच्या हातावर ठेवला. त्यात फ्यूजच्या बारीक तारेऐवजी जाड तांब्याचे तीन पदर वळलेले होते. ते पाहताच आम्हांस सर्व आठवले. २०११ साली चिरंजिवांच्या लग्नात फ्यूज वरचेवर जाऊ लागला, आचारी ओरडू लागले, तेव्हा ते तीन पदर आम्हीच आमच्या हाताने वळले होते. ‘लग्नापुरते’ म्हणून केलेली ती योजना तशीच राहिली. कारागिरांस दोष देणे सोपे असते. हा दोष मात्र आमच्या खात्यावर आहे.

आता थोडे शास्त्र. आम्ही ते आमच्या धंद्याच्या भाषेत समजून घेतले, तसेच सांगतो. तार म्हणजे हमाल. पन्नास किलोचे पोते जो सहज वाहतो त्याच्या पाठीवर तीन पोती टाकली तर तो तत्काळ पडेलच असे नाही. परंतु त्याची पाठ जाते. वॅट म्हणजे यंत्राची भूक, आणि वॅटच्या आकड्यास २३० व्होल्टने भागले की तारेतून किती अँपिअर प्रवाह जाणार ते कळते. प्रवाह दुप्पट झाला तर तारेतील उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. तिप्पट झाला तर नऊपट. हा वर्गाचा हिशेब ध्यानात आला की पुढचे सर्व उलगडते.

आमच्या स्वयंपाकघराची रोजकीर्द आम्ही मांडून पाहिली. घरघंटीची मोटार एका अश्वशक्तीची, म्हणजे सुमारे ७५० वॅट. इंडक्शन २००० वॅट. मिक्सर ७५०, फ्रिज २००, धूर ओढणारा पंखा ५० आणि दिवे २०. एकूण ३७७० वॅट, म्हणजे १६ अँपिअरच्या वर. त्यात मोरीतील ३००० वॅटचा गीझर लागला की ६७७० वॅट, म्हणजे २९ अँपिअरहून अधिक. आणि हे सर्व वाहणारी १९७२ सालची दीड चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार फार तर १० अँपिअरची. जवळजवळ तिप्पट भार, जवळजवळ नऊपट उष्णता.

कोणी म्हणेल, ही सर्व यंत्रे एकाच वेळी कशास चालतील? इतर घरांत न चालोत, आपल्या घरांत चालतात. ज्यांच्या घरी रात्री नऊपर्यंत सावकाश स्वयंपाक होतो त्यांचा भार तीन-चार तासांवर पसरतो. आपल्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवणे व्हावयाची असतात. थंडीत येथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून साडेचार ते साडेपाच या एका तासात शेगडी, मिक्सर, गीझर सर्वांची एकच गर्दी उडते. शिवाय पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच व हिवाळ्यात सात दिवस मानणाऱ्या घरांत घरघंटी सर्वांत अधिक वेळा फिरते ती पावसाळ्यात, म्हणजे नेमकी भिंती ओल्या असतात तेव्हा. मोटार सुरू होण्याच्या क्षणी नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते, ही आणखी एक बाब. तेव्हा दुसऱ्याच्या घरातील मांडणी पाहून आपली ठरवू नये. आपल्या सायंकाळच्या एका तासाची बेरीज करावी व ती वायरमनच्या हाती द्यावी.

फ्यूज किंवा हल्लीचा एम.सी.बी. हा यंत्राच्या रक्षणाकरिता असतो असा पुष्कळांचा समज आहे, आमचाही होता. वस्तुतः तो भिंतीतील तारेचा राखणदार आहे. म्हणून एम.सी.बी. तारेच्या शक्तीहून मोठा कधीही असू नये. ‘सारखा पडतो, मोठा बसवा’ असे वायरमनला सांगणे म्हणजे आम्ही लग्नात केले तेच नव्या वेषात करणे होय. सारखा पडत असेल तर भार वाटून द्यावा, अथवा तार जाड घालावी.

आमच्याकडे जी नवी मांडणी झाली ती अशी. मीटरपासून स्वयंपाकघराच्या स्वतंत्र पेटीपर्यंत दहा चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणली. दिवे व पंखे यांची ओळ दीड चौरस मिलिमीटरची, तिला १० अँपिअरचा एम.सी.बी. ओट्यावरील प्लगांच्या दोन ओळी अडीच चौरस मिलिमीटरच्या, त्यांना १६ चे. घरघंटीची ओळ निराळी, तीही अडीचची. मोटारीचा सुरुवातीचा झटका सोसावा म्हणून तिला ‘सी’ जातीचा एम.सी.बी. इंडक्शन व गीझर यांना प्रत्येकी स्वतंत्र चार चौरस मिलिमीटरची तार आणि २० चा एम.सी.बी. फ्रिजची ओळही वेगळी ठेवली, म्हणजे मिक्सरच्या खोडीने फ्रिज बंद पडू नये. प्रत्येक ओळीबरोबर हिरवी अर्थिंगची तार. पेटीत कोणते बटण कशाचे ते मराठीत लिहून चिकटविले. हे काम सूनबाईंनी केले.

तार विकत घेताना आमचा व्यापार उपयोगी पडला. बाजारात ९० मीटरचे वेटोळे मिळते. वायरमनने सांगितले की आकडा अडीच छापतात आणि आत तांबे कमी घालतात, असेही माल असतात. तांबे डोळ्यांनी मोजता येत नाही, पण तोलता येते. अडीच चौरस मिलिमीटरच्या ९० मीटर तारेत निव्वळ तांबेच दोन किलोच्या आसपास भरावयास हवे. दीडच्या तारेत सव्वा किलोच्या आसपास, चारच्या तारेत सव्वातीन किलोच्या आसपास. वरचे वेष्टण निराळे. आम्ही दोन दुकानांतून आणलेली अडीचची वेटोळी रविवार पेठेतील आमच्या पेढीच्या काट्यावर ठेवली. स्वस्त वेटोळे वेष्टणासकट दोन किलोही भरले नाही. ते परत केले. आय.एस.आय. चिन्ह आणि आत आय.एस. ६९४ हा आकडा छापलेला पाहावा हे तर आहेच, पण काटा खोटे बोलत नाही.

आता अर्थिंग. यावर आम्ही सर्वांत अधिक वेळ घालविला आणि घालविणे अवश्य होते. परसात, भिंतीपासून दूर, एक खोल खड्डा घेतला. त्यात अडीच मीटर लांबीचा, भोके पाडलेला जस्ताच्या मुलाम्याचा लोखंडी नळ उभा केला व भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर भरले. वर पाणी ओतण्यास नरसाळे, सभोवती विटांची चौकट आणि लोखंडी झाकण. कोळसा व मीठ ओल धरून ठेवतात. ओल असली तर माती वीज घेते. आपल्या भागातील तांबडी माती चैत्र-वैशाखात खडखडीत वाळते, म्हणून त्या दोन महिन्यांत खड्ड्यात पाणी घालावे लागते. काम झाल्यावर वायरमनने यंत्र लावून रोध मोजला. घरगुती अर्थिंग पाच ओहमच्या आत असावी अशी त्याची शिस्त. आमची पावसाळा सरता सरता मोजली तेव्हा त्याहून कमी भरली. त्याने मे महिन्यात पुन्हा मोजण्याचे कबूल करून घेतले, कारण पावसाळ्यातील मोजणी ही सुगीतील भावासारखी असते, तिच्यावर वर्षाचा हिशेब बांधू नये.

मोजणी कशासाठी, तेही सांगतो. समजा अर्थिंगचा रोध वीस ओहम आहे. फ्रिजच्या अंगावर पूर्ण वीज उतरली तरी २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा अँपिअरच जमिनीत जातील, आणि १६ चा एम.सी.बी. स्वस्थ बसेल. तार आहे, खड्डा आहे, आणि तरी फ्रिजचे अंग जिवंत. म्हणून खड्डा केला याची पावती नको, किती ओहम भरले याची हवी.

याखेरीज एक उपकरण आम्ही प्रथमच पाहिले. त्यास आर.सी.सी.बी. म्हणतात. त्याचे काम आम्हांस एका वाक्यात समजले, कारण ते शुद्ध जमा-नावे आहे. फेजच्या तारेतून जितका प्रवाह गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे. मेळ जमला नाही, म्हणजे उरलेला प्रवाह कोणाच्या तरी अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत गेला. तूट तीस मिलिअँपिअरपर्यंत पोहोचण्याच्या आत-बाहेरच हे उपकरण डोळ्याचे पाते लवते न लवते तोच वीज तोडते. तीस मिलिअँपिअर म्हणजे एका अँपिअरचे शंभर भाग केले तर त्यांतील तीन. १६ अँपिअरच्या एम.सी.बी.ला जाग येण्यास त्याच्या पाचशेपटींहून अधिक प्रवाह लागतो. माणूस त्याच्या फार आधी संपलेला असतो. एम.सी.बी. तारेस राखतो, आर.सी.सी.बी. माणसास राखतो, एकाच्या जागी दुसरा चालत नाही. मात्र कोणी एका हाताने फेज व दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला तर जमा-नावे जुळते, आणि मग आर.सी.सी.बी.लाही काही कळत नाही. हे घरातील मोठ्या मुलांना अवश्य सांगावे.

हे उपकरण बसविल्याबरोबर आमच्याकडे ते पडू लागले. माजघरातील दिवा लावला की स्वयंपाकघर बंद. वायरमनबरोबर आलेला हाताखालचा तरुण म्हणाला, ‘जुन्या घरात हे चालत नाही अण्णा, काढून टाकूया.’ हे उत्तर जुन्या घरांच्या पुष्कळ मालकांस मिळत असेल, म्हणून मुद्दाम लिहितो. उपकरणाचे काही चुकले नव्हते. १९६१ साली तार वाचविण्याकरिता माजघरातील दिव्याचा न्यूट्रल स्वयंपाकघराच्या न्यूट्रलला जोडलेला होता. माल एका खात्यातून निघे आणि दुसऱ्या खात्यात जमा होई. मेळ जमणार कसा? तो सांधा शोधण्यात दोन दिवस गेले. सांधा सुटला आणि उपकरण शांत झाले. ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे त्यांच्याकडे त्याच्या न्यूट्रलचाही असाच घोटाळा निघतो. इन्व्हर्टर असेल तर मेन स्विच पाडूनही काही ओळी जिवंत राहतात, हेही विसरू नये.

तारा भिंतीत गाडाव्या की वरून न्याव्या, यावर आमच्या घरात बराच वाद झाला. नव्या सिमेंटच्या घरात भिंतीत झिरी काढून नळी बसवितात व वर गिलावा करतात. ते सुंदर दिसते. चिरंजिवांचा आग्रह तोच होता. परंतु मातीच्या भिंतीत लांब झिरी काढली की भिंत दुबळी होते, आणि बेळगावच्या पावसात ती ओल धरते. आम्ही प्लास्टिकच्या बंद पट्ट्यांतून, भिंतीवरून तारा नेल्या. दिसण्यास उणे आहे हे कबूल. पण उद्या एखादी ओळ बदलावयाची झाली तर भिंत फोडावी लागणार नाही. पट्ट्यांची सर्व टोके मात्र घट्ट बंद करून घेतली. उंदीर हा आमच्या व्यवसायातील जुना, बिनभांडवली भागीदार. तो वखारीत पोती फोडतो आणि घरात तारा कुरतडतो, हे आम्हांस कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

प्लगांविषयी थोडकेच. नळाच्या तोंडाजवळ व शेगडीच्या पाठीमागे प्लग नको. गॅसच्या सिलिंडरजवळ बटण नको. हा गॅस हवेहून जड असल्याने खाली साचतो, आणि वास आला तर कोणतेही बटण लावू नये की बंदही करू नये. मोठ्या यंत्राची १६ अँपिअरची जाड पिन ६ अँपिअरच्या प्लगात बसावी म्हणून जे जोडतुकडे मिळतात, ते आम्ही घरातील सर्व गोळा करून टाकून दिले. पाच निघाले. ओट्यावर आपल्याला वाटतात त्याहून दोन प्लग अधिकच ठेवावे. कोठे हवेत ते वायरमनला अथवा आम्हांस न विचारता, तेथे रोज उभे राहणाऱ्यांस विचारावे. आमच्याकडे सूनबाईंनी आणि आमच्या कुटुंबाने ओट्यावर खडूने खुणा केल्या व त्याच पक्क्या झाल्या.

शेवटी कागदपत्र. आमचा मंजूर भार कागदोपत्री अद्यापि एक किलोवॅटच होता. घरातील तारा जाड झाल्या तरी खांबावरून मीटरपर्यंत येणारी तार व मीटर हे पुरवठा कंपनीकडे असतात; तिला वाढीव भाराची कल्पना न देणे धोक्याचे व बेकायदा. आपल्या जिल्ह्यात हे काम हेस्कॉमकडे आहे. परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल, अर्ज व वाढीव अनामत भरून भार वाढवून घेतला. त्या चाचणीत ५०० व्होल्टच्या मेगर यंत्राने तारांच्या वेष्टणाचा रोध मोजतात. तो एक मेगओहमहून कमी असता कामा नये. ठेकेदार नुसती सही करून कागद देऊ लागला तर घेऊ नये, आपल्यासमोर यंत्र लावावयास सांगावे. सर्व खर्चाची बेरीज ओट्याच्या ग्रॅनाइटला आम्ही जे मोजले होते त्याहून कमी झाली, हेही येथे नमूद करतो.

आर.सी.सी.बी.वर ‘टी’ अक्षराचे एक लहान बटण असते. ते दाबले की वीज गेली पाहिजे. न गेली तर उपकरण निकामी झाले असे समजावे. ते महिन्यातून एकदा दाबण्याचे काम आमच्या घरी नातीकडे आहे. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेस, आम्ही जवळ उभे असताना, ती स्टुलावर चढून ते दाबते आणि पेटीच्या दारावर लावलेल्या कागदावर तारीख लिहिते. ज्या सभासदांना खड्डा, पेटी अथवा खर्चाचा कागद पाहावयाचा असेल त्यांनी दुपारी दोननंतर पेढीवर यावे; तेथून घर पाच मिनिटांच्या वाटेवर आहे.